विश्लेषण : ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या लेखकाचे सहावे पुस्तक कुठे अडले?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पाचवा खंड १२ जुलै २०११ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सुरू झालेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका आठ पर्वे आणि ७३ भाग पूर्ण करून २०१९ मध्ये संपलीही. सहावा खंड ‘द विंड्स ऑफ विंटर’ मात्र अजून आलेला नाही. प्रसिद्धी आणि पैसा मिळाल्यावर लेखक सुस्तावला, अशी टीका चाहते करतात. प्रत्यक्षात ज्या पद्धतीमुळे मार्टिन यांचे दरबारी राजकारण खरे वाटते, त्याच पद्धतीने त्यांची कोंडी केलेली दिसते.

मार्टिन आधी काय लिहीत?

१९४८ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन येथे जन्मलेल्या मार्टिन यांचे वडील गोदी कामगार होते. मार्टिन यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली आणि सत्तरच्या दशकात विज्ञानकथाकार म्हणून नाव कमावले. ‘सँडकिंग्ज’ या कथेला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. पण १९८३ मधील ‘द आर्मागेडन रॅग’ ही कादंबरी सपशेल आपटली आणि ते पोटापाण्यासाठी टीव्ही लेखनाकडे वळले. तेथे त्यांच्या पटकथा लांबलचक आणि खर्चिक असल्याची तक्रार नेहमीची. पात्रे कमी करा, लढाया गाळा, असे सांगितले जाई. १९९१ मध्ये त्यांनी पुन्हा कादंबरी हाती घेतली, ती कोणत्याही बजेटची पर्वा न करता. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ १९९६ मध्ये आली.

त्यांचे राजकारण वेगळे कसे?

मार्टिन यांच्या कथेचा पाया पंधराव्या शतकातील इंग्लंडचे ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ हे यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांतील गादीचे युद्ध आहे. गाजलेल्या ‘रेड वेडिंग’मागे १४४० मध्ये एडिंबरा किल्ल्यात मेजवानीला बोलावून केलेल्या हत्यांची स्कॉटिश हकीकत आहे. मात्र मार्टिन नुसती कटकारस्थाने रचून थांबत नाहीत. टॉल्किन यांच्याविषयी आदर व्यक्त करतानाच, चांगला माणूस राजा झाला की राज्य आपोआप चांगले चालते हे आपल्याला पटत नाही, त्या राजाचे करधोरण काय होते, असा प्रश्न ते करतात.

त्यांच्या पहिल्याच खंडात राजाच्या तिजोरीवर ६० लाख सुवर्णमुद्रांचे कर्ज आहे आणि त्यातील सुमारे निम्मे राणीच्या माहेरचे! (कादंबरी वाचायची असेल त्यांनी यापुढचा भाग सांभाळून वाचावा.) राजाचा प्रामाणिक प्रधान नेड स्टार्क याला राजपुत्र हे राजाचे नाहीत, हे कळते. मुलांचा जीव वाचावा म्हणून तो राणीला आधीच सावध करतो. शहराची शिबंदी आपल्या बाजूने वळवण्याचे काम तो कोषाधिकारी बेलिशवर सोपवतो. शिबंदीला पैसे पोहोचतात, पण ते नेडच्या विरोधात. नायक वाटणारा माणूस पहिल्याच खंडात मरतो. हा धक्का केवळ धक्का देण्यासाठी नाही. फौज कोणाची आणि पगार कोण देतो, याचा तो हिशेब आहे.

प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून आणि बहुतेकदा त्याच्याच नावाने येते. त्या पात्राला जे ठाऊक नाही ते त्या प्रकरणात नाही. त्यामुळे नेडइतकेच वाचकही फसतात.

मग अडचण कुठे झाली?

लेखक दोन प्रकारचे असतात, आराखडा आखणारे वास्तुविशारद आणि बी पेरून वाट पाहणारे माळी, असे मार्टिन सांगतात. ते स्वतः दुसऱ्या प्रकारातले. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या एजंटला कळवलेल्या आराखड्यात तीनच खंड होते आणि जेमी लॅनिस्टर मार्गातील वारसांना मारून गादी बळकावणार होता. छापील पुस्तकांत तोच जेमी हात गमावतो आणि सत्तेपासून दूर जाऊ लागतो.

खरी ठेच लागली ती तिसऱ्या खंडानंतर. मुख्य पात्रे अजून लहान होती, म्हणून कथा पाच वर्षे पुढे न्यायची असे मार्टिन यांनी ठरवले. आर्यासाठी ते सोयीचे होते. पण राजधानीचे काय? बालराजा गादीवर, तिजोरी रिकामी, राणी सर्सी संशयाने पछाडलेली; अशा दरबारात पाच वर्षे काहीच घडले नाही, हे कोणाला पटणार? बराच मजकूर लिहून झाल्यावर त्यांनी तो बेत सोडला. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ‘पाच वर्षांनंतर’ एवढे दोन शब्द लिहून सुटका करून घेतली असती.

मग मजकूर फुगला आणि त्याचे दोन खंड झाले. डॅनेरिस गुलामगिरी बंद करते, पण मीरीन शहर चालवताना तिची दमछाक होते. तिच्याकडे निघालेली पात्रे कोणत्या क्रमाने पोहोचतील यावर तेथील राजकारण ठरणार होते. ही गाठ सोडवायला मार्टिन यांना बॅरिस्टन हे आणखी एक निवेदक पात्र आणावे लागले. एक गाठ सुटली, धागा मात्र वाढला. पाचवा खंड चौथ्यानंतर सहा वर्षांनी आला.

मालिकेने शेवट दाखवलाच ना?

मार्टिन यांनी निर्मात्यांना शेवटाचे ठळक टप्पे सांगितले होते. पण पुस्तकांचा आधार संपल्यावर पात्रे एका प्रकरणात खंड ओलांडू लागली, कर्ज आणि धान्यसाठ्याचे प्रश्न मागे पडले. अखेरच्या पर्वावर प्रेक्षक नाराज झाले त्याचे हे एक मोठे कारण. सहावा खंड तीन-चतुर्थांश झाल्याचे मार्टिन यांनी २०२२ मध्ये सांगितले होते. ते आजही डॉसवर चालणाऱ्या ‘वर्डस्टार’ या जुन्या सॉफ्टवेअरवर लिहितात. २०१६ मध्ये अल्बुकर्की येथील जाहीर कार्यक्रमात त्यांनी स्टीफन किंग यांना विचारले होते, इतक्या झपाट्याने तुम्ही लिहिता तरी कसे? किंग यांचे उत्तर होते : रोज सहा पाने.