एप्रन चढवला म्हणजे सुरक्षा झाली का?

२०१३ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकानं सुमारे २,४०० संशोधकांना त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सुरक्षेबद्दल प्रश्न विचारले. आपली लॅब काम करायला सुरक्षित आहे, असं ८६ टक्के जणांनी सांगितलं. याच संशोधकांपैकी जवळपास निम्म्यांना लॅबमध्ये काम करताना कधी ना कधी इजा झाली होती.

विश्वास आणि अनुभव यांच्यातली ही तफावत विद्यापीठांच्या सुरक्षा धोरणांचं मूळ दुखणं आहे. गेल्या काही दशकांतल्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धोक्याची माहिती कुणाला ना कुणाला असते. ती कुणी कुणाला द्यायची, काम कुणी थांबवायचं आणि चूक कुठे नोंदवायची, हे मात्र आधी ठरलेलं नसतं. ते ठरवणं हेच सुरक्षा धोरणाचं काम. या धोरणांबद्दलचे काही गैरसमज इतके मुरलेले आहेत की ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : विद्यापीठात सगळं ग्रॅम-दोन ग्रॅममध्ये चालतं, खरा धोका कारखान्यात.

वस्तुस्थिती : धोका किती हे पदार्थ कोणता यावर ठरतं, आणि संशोधनात पदार्थाचा स्वभाव पुष्कळदा पुरता माहीत नसतो. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात ७ जानेवारी २०१० रोजी झालेला स्फोट हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे संशोधक विद्यार्थी निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग बनवत होते. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचं नाही, अशी मर्यादा तोंडी सांगितलेली होती. पण दर वेळी तयार होणारा नमुना थोडा वेगळा निघे. सगळ्या चाचण्यांना एकच नमुना पुरावा, म्हणून या वेळी सुमारे १० ग्रॅम बनवलं गेलं, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट.

पावडरीत गुठळ्या होत्या. हेक्झेनमध्ये भिजलेली असताना ती पेट घेत नाही, असा त्यांचा अनुभव होता. एका विद्यार्थ्यानं निम्मा माल खलात घेतला आणि बत्त्यानं हलक्या हातानं गुठळ्या फोडल्या. काम झालं म्हणून त्यानं गॉगल काढला. मग पुन्हा खलापाशी येऊन एकदा शेवटचं ढवळलं, आणि स्फोट झाला. त्यात त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं ऑक्टोबर २०११ मध्ये दिलेल्या अहवालात या विद्यार्थ्यावर खापर फोडलेलं नाही. १०० मिलिग्रॅमची मर्यादा कुठेही लेखी नव्हती, ती पाळली जाते का हे कुणी पाहत नव्हतं आणि आधी घडलेल्या अशाच प्रसंगांतून विद्यापीठ काही शिकलं नव्हतं, हे त्या अहवालाचे मुख्य निष्कर्ष. मर्यादा होती, पण धोरण नव्हतं.

गैरसमज : एप्रन, गॉगल आणि हातमोजे म्हणजेच सुरक्षा.

वस्तुस्थिती : सुरक्षाशास्त्रात ही साधनं शेवटच्या पायरीवर येतात. पहिला प्रश्न असतो, हा घातक पदार्थ टाळता येईल का? नसेल, तर त्याऐवजी कमी घातक पदार्थ चालेल का? तेही जमत नसेल, तर घातक वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या फ्यूम हूडसारखी यंत्रणा हवी. त्यानंतर प्रशिक्षण आणि लेखी कार्यपद्धती. हे सगळं करूनही जो धोका उरतो, त्याच्यासाठी अंगावरची साधनं.

याचा अर्थ एप्रन बिनमहत्त्वाचा असा मुळीच नाही. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी-ब्युटाइल लिथियम हे द्रव एका बाटलीतून सिरिंजनं काढून घेत होती. हे द्रव हवा लागताच पेटतं. मोठ्या प्लॅस्टिक सिरिंजचा दट्ट्या बाहेर निसटला आणि द्रव उडून तिच्या कपड्यांनी पेट घेतला. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, एप्रन नव्हता. जवळच्या इमर्जन्सी शॉवरचा उपयोग झाला नाही. अठरा दिवसांनी ती गेली.

तिनं एप्रन घातला नव्हता, एवढंच सांगून हा विषय संपवणं तिच्यावर अन्याय करणारं ठरेल. त्याच लॅबची अंतर्गत तपासणी दोन महिने आधी, ऑक्टोबरमध्ये झाली होती. लोक एप्रन घालत नाहीत, हे तपासनिसांनी लिहून दिलं होतं. त्रुटी कागदावर आल्या आणि तिथेच राहिल्या. पुढे विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी आरोप दाखल झाले. २०१२ मध्ये विद्यापीठानं सुरक्षेच्या सक्त अटी मान्य करून तडजोड केली, आणि तिच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू झाली. प्राध्यापकांविरुद्धचं प्रकरण २०१४ मध्ये तडजोडीनं मिटलं.

गैरसमज : हातमोजे घातले की हात सुरक्षित.

वस्तुस्थिती : कोणता हातमोजा कोणत्या रसायनाला किती वेळ अडवतो, याचे तक्ते उत्पादक देतात. ते न पाहता घातलेला हातमोजा खोटा भरवसा देतो. लॅबमध्ये सर्रास वापरले जाणारे पातळ नायट्राइल हातमोजे डायक्लोरोमिथेनसमोर काही मिनिटंही टिकत नाहीत.

याची सर्वांत मोठी किंमत डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांनी मोजली. विषारी धातूंच्या अभ्यासात त्यांचं नाव जगभर होतं. १४ ऑगस्ट १९९६ रोजी फ्यूम हूडमध्ये काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर सांडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. काही महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की हे द्रव लॅटेक्समधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं. त्यानंतर या पदार्थासाठी आत लॅमिनेटेड आणि वर जाड, लांब असे दुहेरी हातमोजे वापरण्याची शिफारस झाली.

अनुभवी माणसाला नियमांची गरज नसते, हे म्हणणंही इथेच खोटं पडतं. नियम अनुभवी माणसासाठीही असतात, आणि नवं ज्ञान आलं की ते बदलायचे असतात.

गैरसमज : आजवर काही झालं नाही, म्हणजे पद्धत बरोबर आहे.

वस्तुस्थिती : मोठ्या अपघाताआधी बहुधा छोटे इशारे मिळतात. १६ मार्च २०१६ रोजी हवाई विद्यापीठात हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण भरलेल्या टाकीचा स्फोट झाला आणि एका पोस्टडॉक संशोधिकेला हात गमवावा लागला. आदल्याच दिवशी तिथल्या लहान टाकीत छोटा स्फोट होऊन गेला होता. उपकरणाला हात लावताना विजेचे बारीक झटके बसतात, हे तिनं सांगितलं होतं आणि काळजी करू नकोस, असं उत्तर तिला मिळालं होतं. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मिश्रणाला तेवढी ठिणगीही पुरते.

ज्यात कुणाला लागलं नाही, अशा प्रसंगाची नोंद ठेवणं म्हणूनच कोणत्याही चांगल्या धोरणाचा कणा असतो. नोंद करणाऱ्याला दोष मिळणार असेल, तर कुणी नोंद करणार नाही. म्हणून ही नोंद शिक्षेपासून वेगळी ठेवावी लागते.

गैरसमज : फ्रिजमध्ये ठेवलं की ज्वलनशील द्रव सुरक्षित.

वस्तुस्थिती : डायइथाइल ईथरची वाफ उणे ४५ अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी दाट होते, ॲसिटोनच्या बाबतीत हा आकडा उणे २० आहे. घरगुती फ्रिजचं तापमान सुमारे ४ अंश. म्हणजे बूच सैल असलेल्या बाटलीतून बंद कप्प्यात वाफ साचत राहते, आणि त्याच कप्प्यात थर्मोस्टॅट आणि दार उघडताच दिवा लावणारं बटण असतं. दोन्हींतून ठिणगी पडू शकते. लॅबमध्ये अशा द्रवांसाठी आत ठिणगी न पडणारा खास फ्रिज लागतो. त्यात डबा किंवा पाण्याची बाटली ठेवायची नाही, हा नियमही त्याच धोरणाचा भाग.

द्रव नायट्रोजनबद्दलही असाच गाफीलपणा असतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असल्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. पण एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. छोट्या बंद खोलीत तो ऑक्सिजनला हटवतो, आणि गुदमरणाऱ्या माणसाला वासही येत नाही. म्हणून द्रव नायट्रोजननं भरलेला देवार (तो साठवायचा खास थर्मास) लिफ्टनं नेताना त्याच्यासोबत कुणी लिफ्टमध्ये जायचं नसतं. बंद टाकीत कोंडला तर याच वायूचा दाबही घातक ठरतो. जानेवारी २००६ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात द्रव नायट्रोजनच्या एका जुन्या टाकीचे दाब सोडणारे मार्ग धातूच्या बुचांनी बंद केलेले होते. पहाटे तीनच्या सुमारास टाकी फुटून छत भेदून वर गेली. लॅबमध्ये कुणी नव्हतं, म्हणूनच जीव वाचले.

गैरसमज : दुर्बल केलेला जंतू कुणालाच काही करत नाही.

वस्तुस्थिती : २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातले एक संशोधक प्लेगच्या दुर्बल केलेल्या जिवाणूच्या संसर्गानं मरण पावले. हा जिवाणू लोहाच्या टंचाईमुळे शरीरात वाढू शकत नाही, असं मानलं जाई. त्या संशोधकाला शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार होता आणि तो मृत्यूनंतरच कळला. घातक जंतूंवर काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि ताप आल्यावर डॉक्टरला आपलं काम सांगण्याचा नियम यासाठीच असतो.

गैरसमज : धोका लॅबच्या दारापर्यंतच.

वस्तुस्थिती : दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं १९६८ मध्ये घेतलेलं गॅमा किरणांचं एक यंत्र १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावानं विकलं गेलं. त्यातल्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. चार दशकांत त्याची क्रियाशीलता मूळच्या सुमारे अडीचशेव्या भागावर आली होती, पण उरलेलंही भंगार फोडणाऱ्यांसाठी प्राणघातक होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एप्रिलमध्ये एकाचा मृत्यू झाला. ज्यांनी कधी विद्यापीठाची पायरीही चढली नसेल, त्यांनी विद्यापीठाच्या ढिलाईची किंमत मोजली.

१९७८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत देवीच्या विषाणूची लॅब होती. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकार जॅनेट पार्कर यांना देवी झाल्या आणि ११ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. विषाणू त्यांच्यापर्यंत कसा पोचला यावर वाद झाला, पण देवीनं झालेला जगातला तो शेवटचा मृत्यू ठरला. त्यानंतर हा विषाणू बाळगणाऱ्या लॅबची संख्या टप्प्याटप्प्यानं दोनवर आणण्यात आली.

गैरसमज : भारतात यासाठी नियमच नाहीत.

वस्तुस्थिती : नियम आहेत, पण विखुरलेले. जनुकीय फेरबदलांच्या कामासाठी १९८९ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. जैववैद्यकीय आणि घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. गॅस सिलिंडरचे नियमही २०१६ चे, आणि ते पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. किरणोत्सारी पदार्थांवर मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

अमेरिकेत १९९० पासून प्रत्येक रासायनिक लॅबला लेखी सुरक्षा आराखडा आणि त्यासाठी नेमलेला अधिकारी सक्तीचा आहे. त्यातही एक मोठी फट आहे. तो नियम कर्मचाऱ्यांसाठी असून पगार न घेणारा विद्यार्थी त्यात बसत नाही. भारतात एम.एस्सी. आणि पीएचडीची मुलंच लॅबचं बहुतेक काम उपसतात. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरच्या स्फोटात एका संशोधकाचा जीव गेला. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लॅबमधल्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. विद्यार्थ्यासह प्रत्येकाला लागू होणारं लेखी धोरण हवं, ते याच तरुणांसाठी.

लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानं आजच चार गोष्टी विचाराव्यात. मी वापरतो त्या रसायनाचं सोळा विभागांचं सुरक्षा माहितीपत्रक कुठे आहे? डोळ्यात काही गेलं तर दहा सेकंदांत पोचता येईल असा आयवॉश आहे का, आणि तो गेल्या महिन्यात कुणी चालवून पाहिला? रात्री एकट्यानं कोणतं काम करायचं नाही, हे लिहिलेलं आहे का? मागच्या तपासणीत निघालेल्या त्रुटींचं पुढे काय झालं? उत्तरं मिळेपर्यंत विद्यार्थ्यानं धोक्याचा प्रयोग सुरू करू नये, आणि गाइडनं त्याला घाई करू नये.