पावसाळ्यात माल नेणारी जीप : पाण्यात घालण्यापूर्वी काय पाहावे?

पेणच्या बाजारपेठेत दुकान असले तरी आमचा निम्मा धंदा दुकानाबाहेरच होतो. खारेपाटातली गावे, डोंगराकडेच्या ठाकूर-कातकरी वाड्या, नागोठण्याहून भिसे खिंड ओलांडून रोहा आणि पुढे चणेऱ्याकडची वस्ती, असा हा फिरता व्यापार आहे. गौरी-गणपतीची कापडखरेदी नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते आणि नेमके तेव्हाच आडरस्ते पाण्याखाली जातात. भिवंडी-सुरतेचा माल उधारीवर उचललेला असतो. सणापूर्वी तो गावात पोचला नाही तर दिवाळीपर्यंत फळीवर पडून राहतो आणि हुंडीची तारीख मात्र थांबत नाही. म्हणून आपल्यातले बरेच व्यापारी जुनी महिंद्रा जीप, फोर-व्हील कॅम्पर, जिप्सी किंवा अलीकडे थार घेतात. चारही चाके फिरली की कोणताही ओढा पार, असा त्यांचा समज असतो. एके काळी आमचाही होता.

1997 च्या पावसात आम्ही वडिलांची डिझेल जीप चौदा गठ्ठे भरून रोहा तालुक्यातील एका ओढ्याच्या फरशीवर घातली. पाणी मांडीला लागत होते. वेगात गेलो तर लवकर पार होऊ, या हिशेबाने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पळवली. समोर उठलेली लाट बॉनेटवर चढली, पंख्याने तेच पाणी आत उडवले आणि मधोमध इंजिन बसले. येथपर्यंत नुकसान थोडेच होते. पण घाबरून आम्ही सेल्फ मारला. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. आतून ‘कडक’ असा आवाज आला. ढकलण्यासाठी उतरलेल्या आमच्या पोऱ्याचा पाय शेवाळावरून सरकला. त्याच्या हाती स्टेपनी लागली म्हणून तो आज हयात आहे. दोरखंड टाकून लोकांनी जीप ओढली, तोवर तीन गठ्ठे वाहून गेले होते. इंजिन खोलले तेव्हा दोन कनेक्टिंग रॉड वाकलेले निघाले. त्या मोसमाची कमाई गेलीच, शिवाय भिवंडीच्या व्यापाऱ्याचे पैसे आम्ही पुढच्या ईदेपर्यंत हप्त्याहप्त्याने फेडत होतो.

असे का होते, हे आम्हाला नंतर मेकॅनिकने समजावले. इंजिन हवा ओढते आणि पिस्टन ती दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी गेले तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि मग रॉड वाकतो किंवा तुटतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. बाहेर ओढून काढावी, डिझेल असेल तर नोझल किंवा ग्लो प्लग आणि पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढावेत, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकावे. एवढे केले असते तर आमचे इंजिन वाचले असते.

आता तयारीविषयी. पहिली गोष्ट म्हणजे हवा ओढण्याची जागा. बॉनेट उघडून एअर क्लीनरचे तोंड जमिनीपासून किती उंच आहे हे टेपने मोजावे. कित्येक गाड्यांत ते हेडलाइटच्या मागे, कंबरेच्याही खाली असते. पुष्कळ जण छतापर्यंत हवेची नळी बसवून घेतात. ती चांगली, पण तिचा प्रत्येक सांधा घट्ट हवा. एक क्लिप सैल असली तर ती नळी केवळ शोभेची. परीक्षा सोपी आहे : इंजिन आयडलवर ठेवून वरचे तोंड तळहाताने बंद करावे. इंजिन गुदमरून बंद पडले तर सांधे ठीक. चालूच राहिले तर हवा दुसरीकडून येते आहे आणि पाणीही तेथूनच येईल.

दुसरी गोष्ट कोणाच्या नजरेत येत नाही, ती म्हणजे डिफरन्शियलचा ब्रीदर. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालून आली की पुढचे-मागचे हाऊसिंग तापलेले असते. ते एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत खेचले जाते. त्या दिवशी काहीच कळत नाही. महिन्याभराने आवाज सुरू होतो, तेव्हा आतले ऑइल दुधाळ चहासारखे निघते आणि दात खाल्लेले असतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर इंजिनाच्या खोलीत नेऊन बांधावी. गिअर बॉक्सलाही तसेच करावे. हे काम कोणताही हुशार मेकॅनिक तासा-दोन तासांत करतो. पेण-रोह्यातील आपल्या गॅरेजवाल्या बांधवांनी मे महिन्यातच हे काम गिऱ्हाइकांना सुचवले तर दोघांचाही फायदा आहे.

पेट्रोल गाडी असेल तर डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरी ओल्या होऊन ती बंद पडते. त्यांवर रबरी टोप्या नीट बसवाव्यात. जुन्या डिझेल जीपला ही चिंता नाही. नव्या डिझेल गाडीत मात्र सगळा कारभार संगणकाच्या डबीवर चालतो, ती डबी कोठे बसवली आहे ते विचारून घ्यावे. बेल्टवर चालणारा पंखा पाण्यात फिरला की त्याची पाती पुढे वाकून रेडिएटर फोडतात. म्हणून जुने ड्रायव्हर खोल पाण्यापूर्वी फॅन बेल्ट उतरवीत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा चढवीत. रेडिएटरसमोर ताडपत्री बांधण्याची रीतही त्यासाठीच.

किती पाण्यात जावे? 2020 सालच्या थारला कंपनीने 650 मिलिमीटर सांगितले आहे, फोर्सच्या गुरखाला 700. परंतु वाहत्या पाण्यात या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण पाणी गाडीला उचलते. ढोबळ हिशेब करू. गाडी 4 मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद धरली तर पाणी तळाच्या वर दर 10 सेंटिमीटर चढले की सुमारे 680 किलो वजन पाणी उचलून धरते. म्हणजे पावणेदोन टनांची जीप तळाच्या वर 25-30 सेंटिमीटर पाण्यात, आत पाणी शिरेपर्यंत, होडी होते. चाकांची पकड सुटली की फोर-व्हील असो वा टू-व्हील, सारखेच. वाहते पाणी दोन फूट असले तर ते बहुतेक वाहने वाहून नेऊ शकते, असे अमेरिकेचे हवामान खाते सांगते. लहान गाडीला एक फूटही पुरते. आणि आपला माल कापडाचा, म्हणजे आकाराने मोठा आणि वजनाने हलका. सिमेंटवाल्याची जीप जेथे टिकते तेथे कापडवाल्याची तरंगते.

येथल्या पाण्याचे स्वभावही निरनिराळे आहेत. खारेपाटात पावसाबरोबर भरतीही पाहावी लागते. धरमतरच्या खाडीला भरती असताना शेतातले पाणी बाहेर पडत नाही आणि रस्त्यावर चढते. कोळी लोकांचा हिशेब उपयोगी आहे : तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला साडेअकरा-बाराच्या आसपास, आणि पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. आपण चांदतारीख धरीत असलो तर तीत साधारण एक मिळवावा, कारण चंद्रदर्शन अमावस्येनंतर होते. खाडीच्या आत ही वेळ आणखी पुढे सरकते.

कुंडलिकेची गोष्ट वेगळी. माणगाव तालुक्यातील भिरा येथील वीजकेंद्रातून सोडलेले मुळशीचे पाणी या नदीत येते. कोलाडला नौकानयनासाठी पर्यटक येतात ते याच पाण्यावर. म्हणून तेथे आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. काठच्या गावकऱ्यांना विचारल्याशिवाय नदीच्या पात्रात गाडी घालू नये. आंबा नदीने 24 जुलै 1989 रोजी जांभूळपाड्यात जो हाहाकार केला, तो आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. सावित्रीवरचा महाडजवळचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कोसळला, त्यात दोन एस. टी. गाड्या गेल्या, तेथे तर ड्रायव्हरला पुढे पूल नाही हेच दिसले नाही. रात्री पाण्याखालच्या फरशीवर आम्ही गाडी घालीत नाही, माल कितीही घाईचा असो.

दिवसा जायचे ठरलेच तर आधी काठी घेऊन माणसाने चालून पाहावे. फरशीची कड आणि मधला खड्डा काठीलाच कळतो. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पाय उचलताना ओढ लागत असेल तर परत फिरावे. कमरेला दोर बांधून पोराला पाण्यात उतरवण्याची रीत आम्ही सोडली. पाय घसरल्यावर तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. जाताना फोर-व्हील लो, पहिला गिअर, एकसारखा संथ वेग. मध्ये क्लच दाबू नये आणि गिअर बदलू नये. काचा खाली, सीटबेल्ट सुटलेला. पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबत चालवावे. ड्रमात पाणी असते तोवर ब्रेक लागत नाही, हे उतारावर कळून उपयोग नाही. खाडीचे पाणी लागले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावे, नाहीतर दोन पावसाळ्यांत चासीस सडते.

मालाचे म्हणाल तर गठ्ठ्यावर ताडपत्री टाकून भागत नाही, पाणी खालून येते. तळाला लाकडी फळ्या, त्यांवर जाड प्लास्टिकात पूर्ण गुंडाळलेले गठ्ठे, रंग सोडणारे सुती कापड सर्वांत खाली आणि जरीचा माल ड्रायव्हरच्या शेजारी, अशी आमची मांडणी असते.

शेवटी विम्याचा कागद. साध्या मोटार विम्यात पाणी शिरून इंजिन मोडल्याची भरपाई कंपन्या बहुधा नाकारतात, विशेषतः पाण्यात सेल्फ मारल्याचे दिसले तर. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही जोड वेगळी घ्यावी लागते. गाडीतला माल तर मोटार विम्यात येतच नाही. त्याला वाहतुकीतील मालाचा स्वतंत्र विमा लागतो. हवेची नळी वगैरे बदल केले असतील तर तेही कंपनीला लेखी कळवावेत आणि आरटीओत विचारून घ्यावे. आमच्या त्या तीन गठ्ठ्यांचा विमा नव्हता. एजंटाने विचारले होते, आम्हीच हप्ता वाचवला होता.