बीजकोशाच्या कर्करोगाची प्रारंभिक लक्षणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्या घरांतील स्त्रियांच्या पोटाच्या तक्रारींची दखल सहसा स्वयंपाकघरातच घेतली जाते आणि त्यांचा निकालही तेथेच लागतो. पोट फुगले तर ओवा, अन्न जाईनासे झाले तर पित्ताचे चूर्ण आणि ओटीपोट दुखले तर वयाचा दोष, हा क्रम इतका रूढ झाला आहे की, त्याच तक्रारी महिनोन्महिने टिकल्या तरी त्यांचा रीतसर तपास करावा असे त्या स्त्रीलाही वाटत नाही आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही वाटत नाही. बीजकोशाच्या, म्हणजेच अंडाशयाच्या, कर्करोगाचे निदान बहुधा तो उदरात पसरल्यानंतर होते, यास त्या अवयवाचे खोलवरचे स्थान जसे कारण आहे, तशी ही अंगवळणी पडलेली हयगयही कारण आहे. 2022 या वर्षाच्या अंदाजानुसार भारतात सुमारे 47 हजार स्त्रियांना हा रोग झाला; स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांखालोखाल त्याचाच क्रम लागतो. म्हणून त्याविषयीचे रूढ समज पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हा रोग अखेरपर्यंत कोणतीही सूचना देत नाही.

वस्तुस्थिती : बीजकोश जेमतेम बदामाएवढा असल्यामुळे त्यातील वाढ आरंभी हाताला लागत नाही हे खरे; परंतु रुग्ण स्त्रियांना मागाहून विचारले असता, निदानापूर्वी कित्येक महिने आपल्याला त्रास होत होता, असेच त्यांच्यापैकी बहुतेकजणी सांगतात. त्या तक्रारी मुख्यतः चार : पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाताच पोट भरणे किंवा भूक मंदावणे, ओटीपोटात अथवा पोटात दुखणे आणि लघवीला वारंवार वा घाईने जावे लागणे. रोगाच्या पेशी उदराच्या अस्तरावर पसरल्या आणि पोटात पाणी साचू लागले की पोटाचा घेर वाढतो व आतड्यांचे कार्य मंदावते; गाठीचा दाब मूत्राशयावर पडला की लघवीची तक्रार सुरू होते.

गैरसमज : अशा तक्रारी कोणाला नसतात? हे अपचनच.

वस्तुस्थिती : या तक्रारी असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. भेद ओळखायचा तो तक्रारीच्या स्वरूपावरून नव्हे, तर तिच्या नवेपणावरून आणि सातत्यावरून. जी तक्रार पूर्वी नव्हती, जी अलीकडच्या काही महिन्यांत सुरू झाली आणि जी महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा उद्भवते, ती पुढील तपासास पात्र समजावी, असा दंडक ब्रिटनच्या राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेने 2011 साली घालून दिला. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात प्रथमच पोट बिघडू लागले असेल, तर ते केवळ आतड्यांच्या नाजूकपणामुळे आहे असा निर्वाळा तपासणीवाचून देऊ नये. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर एका दिवसाचीही दिरंगाई करू नये.

गैरसमज : पॅप चाचणी निर्दोष आली, म्हणजे काळजी मिटली.

वस्तुस्थिती : ती चाचणी गर्भाशयमुखाच्या पेशींची असते. त्या कर्करोगासाठी ती अत्यंत उपयुक्त आहे; बीजकोशाविषयी मात्र तिचा दाखला ग्राह्य धरता येत नाही.

गैरसमज : दरवर्षी रक्ताची सीए-125 चाचणी केली की रोग वेळीच सापडतो.

वस्तुस्थिती : हा समज सुशिक्षितांतही आढळतो, म्हणून त्याचा ऊहापोह अवश्य आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अनेक वर्षे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला; लक्षणे नसलेल्या स्त्रियांची अशी नियमित तपासणी करून या रोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत. पहिल्या अवस्थेतील सुमारे निम्म्या रुग्णांत रक्तातील सीए-125चे प्रमाण वाढलेलेच नसते. उलट, पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, गर्भाशयातील साध्या गाठींमुळे आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावयाचे म्हणजे पोटाच्या क्षयरोगातही ते वाढते. लक्षणे असताना सोनोग्राफीच्या जोडीने केलेली हीच चाचणी मात्र मोलाची साक्ष देते. सारांश, ज्या रोगासाठी सरसकट चाळणी उपलब्ध नाही, तेथे स्त्रीने स्वतःच्या देहाकडे दिलेले लक्ष हाच पहिला आधार ठरतो.

गैरसमज : पिशवी काढली आहे, आता धोका नाही.

वस्तुस्थिती : गर्भाशय काढताना बीजकोश पुष्कळदा जागेवरच ठेवले जातात. शस्त्रक्रियेत नेमके काय काढले याची खातरजमा रुग्णालयाच्या कागदावरून करावी आणि तो कागद जपून ठेवावा.

गैरसमज : आमच्या घराण्यात कोणाला नव्हता.

वस्तुस्थिती : बहुतेक रुग्णांच्या कुटुंबात या रोगाचा पूर्वेतिहास नसतो. तथापि बीआरसीए-1 या जनुकात दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे चाळीस जणींना आयुष्यात हा रोग होऊ शकतो आणि तो दोष वडिलांकडूनही येतो. म्हणून माहेरची चौकशी करताना आईची बाजू तेवढी पाहून थांबू नये. आत्या आणि आजी यांच्या स्तनाच्या कर्करोगाचीही नोंद घ्यावी.

गैरसमज : सोनोग्राफीत गाठ दिसली, म्हणजे कर्करोगच.

वस्तुस्थिती : पाळी चालू असलेल्या वयात बीजकोशावर पाण्याच्या साध्या गाठी वारंवार होतात आणि बहुतेक आपोआप जिरतात. पाळी गेल्यानंतरची अथवा घन भाग असलेली गाठ मात्र कर्करोगतज्ज्ञांस दाखवावी.

लक्षणे ओळखली म्हणजे रोग प्रत्येक वेळी पहिल्या अवस्थेतच सापडेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तरीही वेळेचे मोल फार आहे : अमेरिकेतील नोंदींनुसार, रोग बीजकोशापुरता मर्यादित असताना उपचार झालेल्या दहांपैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात, तर दूरवर पसरल्यावर हे प्रमाण दहांत तिघींवर येते. म्हणून नवी तक्रार सुरू होताच तिची तारीख दिनदर्शिकेवर टिपावी. दोन-तीन आठवड्यांत ती थांबली नाही, तर ती टिपणे घेऊन डॉक्टरांकडे जावे, पोट तपासण्याची व सोनोग्राफीची विनंती संकोच न करता करावी, आणि औषधाने उतार न पडल्यास पुन्हा जावे. स्त्रीने स्वतःच्या दुखण्याविषयी दोनदा, तीनदा विचारणे हा हट्ट नव्हे, तो तिचा हक्क आहे. आणि त्या विचारण्याला पाठबळ देणे हे घरातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे.