हाताशी असेल तेच ताटात

तपासणीच्या खोलीतील वजनकाट्यावर आजी उभ्या राहतात. काट्यावरचा आकडा पाहून डॉक्टर म्हणतात, "आजी, खाण्यावर जरा ताबा ठेवायला हवा." आजी ओशाळतात. सोबत आलेली सूनही ओशाळते, कारण घरात रांधते ती. वाचकहो, हा प्रसंग आपल्या घरात कधी ना कधी घडला असेल. स्थूलपणा म्हणजे जिभेचा हावरटपणा, अशी आपली जुनी समजूत आहे. माणूस काय खातो हे मात्र त्याच्या इच्छेइतकेच बाजार, भाव आणि भोवतालही ठरवतात. वृद्धांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण त्यांचे ताट बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हातून वाढले जाते.

तीन घरे डोळ्यांसमोर आणू या. पहिले घर शहरातल्या उंच इमारतीत. मुलगा-सून सकाळीच कामावर जातात, स्वयंपाकाच्या ताई घाईघाईने पोळी-भाजी करून जातात आणि तेल सढळ हाताने पडते. किराणा, फरसाण, मिठाई फोनवरून मागवली की काही मिनिटांत दारात हजर. आजोबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवस सोफा आणि दूरदर्शन संच यांच्यामध्ये जातो. दुसरे घर त्याच शहरातील वस्तीत. सून चार घरची धुणीभांडी करण्यास पहाटेच बाहेर पडते. आजीची सकाळ गोड चहा आणि खारी यांवर, दुपार रेशनच्या तांदळावर निभते. भाजी येते ती संध्याकाळी, तीही पैसे उरले तर. तिसरे घर खेड्यातले. मुलगा पुण्याला नोकरीस. शेतात आता ज्वारीऐवजी सोयाबीन उभे आहे. ताजी भाजी आठवडी बाजारी मिळते. बिस्किटांचा आणि वेफर्सचा पुडा मात्र शेजारच्या टपरीवर रोज पाच रुपयांना मिळतो.

तिन्ही घरांतील वडीलधाऱ्यांच्या कमरेचा घेर वाढू शकतो, पण वाढण्याची वाट प्रत्येक घरात वेगळी आहे.

आकडे काय सांगतात?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजन किंवा स्थूल आढळल्या. आधीच्या सर्वेक्षणात (२०१५–१६) हे प्रमाण २०.६ टक्के होते. शहरांत ते ३३ टक्क्यांच्या घरात, तर खेड्यांत सुमारे २० टक्के. घरची संपत्ती वाढते तसे हे प्रमाणही चढत जाते. अनेक श्रीमंत देशांत चित्र याच्या उलट आहे. तेथे, विशेषतः स्त्रियांमध्ये, गरिबीसोबत स्थूलपणा वाढतो, कारण तेथे पोट भरणारे स्वस्त अन्न म्हणजे तेल, साखर आणि मैद्याचे तयार अन्न होऊन बसले आहे. आपल्याकडचे पाच रुपयांचे पुडे आपल्यालाही त्याच दिशेने नेत आहेत.

ज्येष्ठांचे चित्र तर दुहेरी आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन गरजेपेक्षा कमी, तर सुमारे २२ टक्क्यांचे अधिक आढळले. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, हे दोन्ही वृद्ध भेटतात.

पोट भरण्याचा खर्च, पोषणाचा खर्च

शंभर ग्रॅम बिस्किटांतून साधारण साडेचारशे कॅलरी मिळतात. तितक्याच टोमॅटोतून जेमतेम वीस. हातात दहा रुपये आणि पोटात भूक असेल, तर माणूस बिस्किटाकडेच वळणार. यात अज्ञानाचा भाग थोडा आणि हिशोबाचा मोठा. भाजी, फळे, डाळी, दूध, अंडी यांतून जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात, पण भूक भागवण्याच्या मापाने ती महाग पडतात. भाजी आणली तर ती निवडायला वेळ, शिजवायला इंधन आणि चावायला दात हवेत. कवळी नीट बसत नसेल तर काकडी-गाजर बाजूला सरते आणि चहात बुडवलेली खारी जवळ येते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. या धान्याने असंख्य घरांची उपासमार टळली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ असते. ताटाचा तो भाग फुकट आणि डाळ-भाजीचा भाग महाग, म्हणजे ताट कोणत्या बाजूने भरणार हे उघड आहे.

ज्वारीची गोष्टही अशीच. आपल्या लहानपणी भाकरी हे गरिबाचे अन्न होते आणि गव्हाची पोळी सणावारी होत असे. गहू-तांदळाच्या शासकीय खरेदीला बळ मिळाले, नगदी पिके वाढली आणि ज्वारीचा पेरा आटत गेला. आज अनेक बाजारांत चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. डॉक्टर "भाकरी खा" असे सांगतात तेव्हा तो सल्ला सुखवस्तू घराला सोपा आणि वस्तीतल्या घराला खर्चिक ठरतो.

बारीक शरीर, तरीही चरबी

"आमचे आजोबा तर सडपातळ आहेत," असे म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. पुणे परिसरातील खेड्यांत झालेल्या अभ्यासातही नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी होती; त्यांचे स्नायू अपुरे होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. जन्मापूर्वी आणि बालपणी ज्याने टंचाई सोसली, त्या शरीराला पुढे मुबलक अन्न आणि बैठे जीवन मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना ताटात घास टाकवत नाही. नातवाच्या ताटात उरलेलेही त्या संपवतात. आजींच्या या सवयीला हावरटपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे उपाशी दिवसांची आठवण असते.

चालायचे कुठे?

"रोज अर्धा तास चाला," हा सल्ला विनामूल्य वाटतो, पण त्यालाही जागेची किंमत आहे. एका घराजवळ बाग, बाके आणि सपाट वाट असते; दुसऱ्या घराबाहेर उघडे गटार, भरधाव दुचाक्या आणि मोकाट कुत्री असतात. एकदा पडलेला वृद्ध पुन्हा बाहेर पडण्यास कचरतो. बसून राहिल्याने स्नायू झिजतात, चरबी वाढते आणि काट्यावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही. म्हणून केवळ वजनावर विसंबू नका. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप लावून घेर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढील घेर धोक्याची सूचना समजतात.

आपल्या घरात काय करता येईल?

भोवताल एका दिवसात बदलणार नाही. हाताच्या अंतरावर काय ठेवायचे, हे मात्र काही अंशी आपल्या हाती आहे.

तेल चमच्याने मोजण्याऐवजी महिन्याच्या हिशोबाने मोजा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. म्हणजे माणशी महिन्याला ९०० मिलिलिटरपेक्षा कमी. घरातील माणसे आणि संपलेल्या पिशव्या मोजल्या की उत्तर मिळते.

डबा बदला. आजींच्या उशाशी बिस्किटांचा डबा असेल तर तेथे भाजलेले फुटाणे ठेवा. दात नसतील तर फुटाण्यांचे पीठ ताकात कालवून द्या. ज्वारी परवडत नसेल तर रेशनच्याच गव्हाचा कोंडा न काढता पोळ्या करा आणि भाताची मूद थोडी लहान करून वरण घट्ट वाढा. मोड आलेली मटकी, मेथी-चवळीसारख्या हंगामी पालेभाज्या, चालत असेल तर अंडे, ही कमी खर्चाची पौष्टिक जोड आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बाहेर चालणे शक्य नसेल तर भक्कम खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव, कोणी जवळ असताना, सकाळ-संध्याकाळ करा. मांड्यांचे स्नायू टिकले तर तोल टिकतो.

वृद्धांचे वजन घाईने उतरवू नका. उपासाने चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मधुमेहाची औषधे चालू असताना जेवण अचानक कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने घसरू शकते. प्रयत्न न करता वजन कमी होऊ लागले तर समाधान मानू नका, तपासणी करा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक छोटी चिठ्ठी सोबत न्या. घरात महिन्याला किती तेल, साखर आणि डाळ लागते, भाजी आठवड्यातून किती वेळा येते, दुपारी घरी कोण असते, चालायला जागा आहे का, एवढेच तिच्यावर लिहा. ती चिठ्ठी पाहिल्यावर डॉक्टरांचा सल्ला आजींच्या घराला लागू पडेल असा निघेल. मग आजींना आणि सुनेलाही मान खाली घालून तेथून बाहेर पडावे लागणार नाही.