ट्रॅक्टरखाली डिझेलचा डाग दिसतोय? थेंबाथेंबाची ही गळती नेमकी कुठून होते आणि ती कशी थांबवायची?

जुना ट्रॅक्टर, त्याच्याखाली ठेवलेला पत्र्याचा डबा आणि त्यात टपटपणारं डिझेल. हे चित्र बऱ्याच गावांत दिसतं. 'जुनं इंजिन आहे, थोडंफार गळणारच' असं म्हणून विषय सोडून दिला जातो. पण हे 'थोडंफार' म्हणजे किती?

एक मिलिलिटर डिझेलमध्ये साधारण २० ते ३० थेंब असतात. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसभरात ८६,४०० थेंब, म्हणजे जवळपास ३ ते ४ लिटर डिझेल जमिनीत मुरतं. लिटरला ९० रुपये धरले तरी रोजचे पावणेतीनशे ते पावणेचारशे रुपये झाले.

डिझेलचा प्रवास कसा होतो?

टाकीतून निघालेलं डिझेल कॉकमधून फीड पंपात, तिथून फिल्टरमध्ये आणि मग इंजेक्शन पंपात जातं. हा पंप प्रचंड दाबानं ते स्टीलच्या बारीक पाइपांतून नोझलपर्यंत पोहोचवतो. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपनं परत येतं. या रस्त्यावर जितके जोड, तितक्या गळतीच्या शक्यता.

जुन्या ट्रॅक्टरमध्येच गळती जास्त का?

सततच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. उष्णतेनं रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. जोडांमधले तांब्याचे वॉशर वर्षानुवर्षं दाबून कठीण होतात आणि मग फट नीट बंद होत नाही.

डिझेल बदलल्याचाही परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा काही जुन्या इंजिनांचे रबरी सील गळू लागले होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन मिळतं. त्यात गंधकाचं प्रमाण जास्तीत जास्त १० पीपीएम असतं. अर्थात, प्रत्येक गळतीचं खापर डिझेलवर फोडता येत नाही. बहुतेक वेळा वॉशर आणि नळ्यांचं वयच झालेलं असतं.

गळती शोधायची कशी?

डिझेल गळतं एका ठिकाणी आणि टपकतं दुसऱ्याच ठिकाणी. म्हणून आधी इंजिन थंड करून सगळे जोड पुसून कोरडे करायचे. मग इंजिन सुरू करून सर्वात वरचा ओला जोड कोणता ते पाहायचं. जोडांवर खडूची पूड लावली, तर ओल लगेच दिसते.

बोट लावायचं नाही, ते का?

पंप ते नोझल या पाइपांमधला दाब जुन्या इंजिनातही २०० बारच्या आसपास जातो. कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा हा दाब ऐंशी-नव्वद पट जास्त असतो. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी भेदून आत शिरू शकते. वरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, फारसं दुखतही नाही. पण आत गेलेलं डिझेल मांस सडवतं आणि उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. असं झालं तर दुखण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. तपासणीसाठी बोटाऐवजी पुठ्ठा वापरायचा. तोही लांबून धरायचा.

हेच बारीक तुषार तापलेल्या सायलेन्सरवर पडले, तर आग लागू शकते. मळणीच्या वेळी आजूबाजूला भुसा आणि पाचट असतं, तेव्हा धोका आणखी वाढतो.

दुरुस्ती कशी करायची?

- जोड गळत असेल तर तांब्याचा वॉशर नवीन टाकायचा. नट जोर लावून आवळत राहिलं, तर आटे जातात.
- नळी तडकली असेल तर डिझेलसाठीचीच नळी घ्यायची. पाण्याची साधी नळी डिझेलनं फुगते.
- टेफ्लॉन टेप टाळायची. तिचे तुकडे नोझलमध्ये अडकू शकतात.
- दाबाचा पाइप चिरला असेल तर तो बदलायचाच. एम-सील लावून भागत नाही.
- टाकीला भोक असेल तर ती घरी वेल्डिंग करायची नाही. रिकाम्या टाकीतल्या वाफेनंही स्फोट होऊ शकतो.

काम झाल्यावर फिल्टरचा आणि मग पंपाचा स्क्रू सैल करून, हातपंप मारत बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची.

न दिसणारी गळती

टाकी ते फीड पंप या भागात फट असेल, तर कधी कधी डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. ट्रॅक्टर वारंवार एअर धरत असेल तर आधी इथे पाहायचं.

दुसरं लक्षण डिपस्टिकवर दिसतं. ऑइलची पातळी न भरता वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर पंपाच्या खराब सीलमधून डिझेल इंजिनमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंग खराब होतात. अशा वेळी ट्रॅक्टर न चालवता मेकॅनिकला बोलवायचं. सील बदलण्याचा खर्च पूर्ण इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.