घरभाडे नियंत्रण आणि घरमालकांचा तोटा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरटंचाई वाढली. पुढे १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी साधारणतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. नियमित भाडे देणाऱ्या भाडेकरूस घराबाहेर काढण्यावर निर्बंध आले. भाडेकरूंना आधार मिळाला. परंतु महागाई वाढली तरी मालकाचे उत्पन्न तेवढेच राहिले. काहींनी पागडी घेऊन तोटा भरून काढला, अनेकांनी दुरुस्ती थांबविली. परिणामी १९६९ मध्ये शासनाला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेली भाडी कालांतराने अवाजवी ठरल्याचे नमूद केले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढीस व पागडीस मान्यता दिली. तात्पर्य, संरक्षणाचा सारा भार एकट्या मालकावर टाकल्यास तो अखेर भाडेकरूच्याच छतावर येतो.