पर्समधली बाटली आणि अंगातल्या वाफा

बोरिवलीहून सुटलेली सकाळची स्लो लोकल, लेडीज डबा. कांदिवली गेलं आणि शेजारच्या ताई ओढणीनं वारा घ्यायला लागल्या. डिसेंबरची हवा, डोक्यावर पंखा, तरी मानेवरून घाम निथळत होता. "अंगातून नुसत्या वाफा निघतात हो," म्हणत त्यांनी पर्समधून बाटली काढली. मैत्रिणीनं सुचवलेल्या गोळ्या.

पाळी जातानाच्या या त्रासातून मीही गेले आहे, म्हणून बाटली मागून घेऊन वाचली. सोया आयसोफ्लेवोन, ब्लॅक कोहोश ही वनस्पती, कॅल्शियम. आणि एक ओळ: 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी हेल्थ सप्लिमेंटवर ती छापावीच लागते. म्हणजे हे औषध नव्हे.

इस्ट्रोजेन हे हार्मोन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी घाम सोडतं. सोयातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखे असतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त. पण त्यांचं इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीनं २०२३मध्ये अभ्यास तपासून वाफांसाठी सोया किंवा ब्लॅक कोहोश घ्या असं सांगायचं नाकारलं. ब्लॅक कोहोशनंतर यकृत बिघडल्याच्याही नोंदी आहेत. "मला गुण आला" हे खोटं नसतं. चाचण्यांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या वाफाही बऱ्याच कमी होतात. झोपच उडाली असेल तर डॉक्टरांकडे हार्मोनचे आणि बिनहार्मोनचे खरे उपचार आहेत.

मला जास्त काळजी हाडांची वाटते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधी, आणि त्यानंतरची काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात. राष्ट्रीय पोषण संस्था या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगते. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्या. वर पेलाभर दूध, तिळाची चटणी, खाणाऱ्यांना वर्सोव्याच्या कोळणीकडचा सुका जवळा. ड जीवनसत्त्वासाठी ऊन अकरानंतरचं लागतं, आणि तेव्हा आपण सगळ्या ऑफिसात! त्यामुळे रक्त तपासून डॉक्टरांनी गोळी दिली तर जरूर घ्यावी.

"या बाटलीतली गोळी कधी घेता?" मी ताईंना विचारलं.

"सकाळी, थायरॉइडच्या गोळीबरोबरच. विसरायला नको म्हणून."

मी त्यांचा हातच धरला. कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही; दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. "डबा खाल्ल्यावर घ्या, दुपारी. आणि कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको."

अंधेरी आलं. दाराकडे सरकताना त्या कानाशी पुटपुटल्या, "दीड वर्ष पाळी नाही, पण परवा जरासा डाग दिसला. तो उष्णतेचाच ना?"

"नाही ताई, बंद झालेली पाळी वर्षानंतर अशी परत येत नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा," मी गर्दीतून ओरडून सांगितलं. प्लॅटफॉर्मवरून त्यांनी मान हलवली.